वसंतातील वृक्षबहर आणि त्याची ओळख : साकीनाका परिसराच्या निमित्ताने

वसंत ऋतूच्या वर्णनात वृक्षांच्या बहराचा उल्लेख आला नाही असे क्वचितच होते. तथापि ज्या वृक्षांचा बहर आपण वाखाणतो त्यांपैकी किती वृक्षांची नावे आपणांस निश्चित सांगता येतात, असा प्रश्न केला असता सुशिक्षित नागरिकासही काही क्षण थांबावे लागते. तांबडे फूल दिसले की 'गुलमोहर', पिवळे दिसले की 'बहावा' आणि गुलाबी दिसले की अलीकडे 'चेरी' अशी रंगावरून नावे देण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. प्रस्तुत लेखात वसंतातील वृक्ष फुलांच्या घडणीवरून कसे ओळखावेत, ते याच काळात का फुलतात आणि त्यांचे नाव ठाऊक असण्याने काय साधते, याचा विचार करावयाचा आहे.

विवेचनासाठी साकीनाका हे ठिकाण घेण्याचे कारण असे की, वृक्षदर्शनासाठी कोणी मुद्दाम येथे येईल असे हे स्थळ नव्हे. अंधेरी-कुर्ला रस्ता आणि साकी-विहार रस्ता यांचा हा संगम कारखाने, गाळे, वाहने व माणसे यांनी सदैव गजबजलेला असतो. २०१४ च्या जून महिन्यात वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून रस्त्याच्या डोक्यावर आणखी एक मार्ग आला आहे. परंतु येथून पाच-सहा किलोमीटरांच्या परिघात तीन भिन्न प्रकारच्या वृक्षसृष्टी एकमेकींस लागून आहेत. पहिली रस्त्याकडेच्या लागवडीची. तीत परदेशातून आणलेल्या झाडांचा भरणा मोठा. दुसरी पवई तलावाच्या आसमंतातील व १९४९ साली स्थापन झालेल्या आरे दुग्धवसाहतीतील. तीत लावलेली व आपोआप उगवलेली झाडे मिसळून गेली आहेत. तिसरी त्यापलीकडील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील डोंगरउताराची. तेथे कोकणातील मूळच्या पानझडी वनाचे स्वरूप आजही पाहावयास मिळते. एकाच मोसमात या तिन्हींची तुलना करता येणे, ही अभ्यासकाच्या दृष्टीने मोठीच सोय होय.

बहराचा काळ

पंचांगाप्रमाणे चैत्र व वैशाख हे वसंताचे महिने, म्हणजे स्थूलमानाने मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतचा काळ. वृक्ष मात्र ही मर्यादा काटेकोरपणे पाळीत नाहीत. आंब्याचा मोहर वसंताचे प्रतीक म्हणून काव्यात स्थिरावला असला, तरी कोकणात तो बहुधा डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात येतो. सावर जानेवारीच्या अखेरीस फुलू लागते. पांगारा व पळस यांचा भर फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे माघ-फाल्गुनात असतो. बहावा, ताम्हण व गुलमोहर यांचा बहर एप्रिलमध्ये सुरू होऊन पावसाळ्याच्या तोंडापर्यंत टिकतो. अशा रीतीने आपला वृक्षबहर शिशिरात आरंभ पावून ग्रीष्मात संपतो. दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्र' या १९५६ सालच्या ग्रंथात महिन्यामहिन्याने निसर्ग पाहण्याची जी पद्धत अवलंबिली, ती या दृष्टीने फार सोयीची आहे. ऋतू ही मोठी मापे झाली. झाडे पंधरवड्यांनी बदलतात.

झाडे निष्पर्ण असता का फुलतात?

सावर, पांगारा व पळस यांचा बहर पाने गळून गेलेल्या फांद्यांवर येतो. ज्या काळात पाण्याचा तुटवडा सर्वांत अधिक, त्याच काळात झाडाने एवढा खर्च का करावा, हे प्रथमदर्शनी कोडे वाटते. मुंबईत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. परंतु तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने कोरडे. पानांतून पाण्याची वाफ सतत बाहेर पडत असल्यामुळे पाने टाकून देणे ही वृक्षाची काटकसर होय. पाने गेल्यावर खोडात व फांद्यांत उरलेले पाणी कळ्यांच्या वाढीस उपयोगी पडते.

याचे आणखी दोन लाभ आहेत. पानांचा आडोसा नसल्याने फुले दुरून दिसतात आणि पक्ष्यांस त्यांच्यापर्यंत विनासायास पोहोचता येते. दुसरे असे की, मार्चमध्ये फुललेल्या झाडाच्या शेंगा व बिया मे अखेरपर्यंत तयार होतात. त्या वाऱ्याने पांगतात आणि लागलीच पावसाची ओली जमीन त्यांस मिळते. शीत कटिबंधातील वसंत हा थंडीच्या अखेरीचा उत्सव असतो. आपल्याकडील वसंत ही पावसाच्या आगमनाची पूर्वतयारी असते. हा भेद ध्यानात ठेविला, तर युरोप वा जपानमधील वसंताच्या कल्पना आपल्या झाडांवर लादण्याचा मोह होत नाही.

तांबडी फुले : सावर, पांगारा, पळस

काटेसावर (बॉम्बॅक्स सीबा) ओळखावयास सर्वांत सोपी. सरळ उंच खोड, त्यावर विशेषतः कोवळ्या वयात शंकूच्या आकाराचे काटे, आणि खोडापासून आडव्या चक्राकार पसरलेल्या फांद्या. फूल तळहाताएवढे, पाच जाड मांसल पाकळ्यांचे, आणि मध्ये पुंकेसरांचे अनेक जुडगे. रंग बहुधा लाल, क्वचित नारिंगी. फुलात मध विपुल असल्यामुळे कावळे, मैना, बुलबुल, कोतवाल अशा पक्ष्यांची सकाळपासून दाटी होते. गळताना फूल अखंड पडते, त्यामुळे झाडावर न चढता अभ्यासासाठी ते सहज मिळते. एप्रिल-मेमध्ये बोंडे फुटून रेशमी कापूस वाऱ्यावर उडू लागतो. कोकणात काही गावी होळीसाठी सावरीचेच झाड उभारण्याची चाल आहे; ती नेमकी झाडाच्या बहराच्या वेळी येते, हे येथे नमूद केले पाहिजे.

पांगारा (एरिथ्रिना) आणि पळस (ब्युटिया मोनोस्पर्मा) यांत नवख्याचा घोटाळा होतो. दोन्ही शिंबावंत कुलातील, दोहोंचे पान तीन दलांचे, दोहोंची फुले निष्पर्ण फांदीवर. फुलाची घडण पाहिली असता भेद स्पष्ट होतो. पांगाऱ्याचे खोड व फांद्या काटेरी असतात. फुले फांदीच्या टोकाशी दाट गुच्छात येतात आणि त्यांत एकच मोठी, लांबट, लालभडक पाकळी उठून दिसते. पूर्ण गुच्छ वाघनखासारखा भासतो. पळसास काटे नसतात. खोड वेडेवाकडे असते. फुलाची बैठक गर्द तपकिरी, जवळजवळ काळी व मखमलीसारखी लवदार असते, आणि खालच्या दोन पाकळ्या जुळून पोपटाच्या चोचीप्रमाणे वळलेल्या असतात. रंग केशरी. काळ्या बैठकीवरील केशरी ज्वाला हे पळसाचे असे लक्षण आहे की, ते एकदा पाहिल्यावर पुन्हा चूक होऊ नये. पळसाच्या शास्त्रीय नावातील 'मोनोस्पर्मा' या शब्दाचा अर्थ 'एकबीजी' असा आहे. त्याच्या चपट्या शेंगेच्या टोकाशी एकच बी असते आणि उरलेली शेंग पंखाचे काम करते.

गुलाबी फुले : खरी आणि मानलेली 'चेरी'

फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीच्या आसपास गुलाबी फुलांनी झाकलेल्या झाडांची रांग दिसते. तिची छायाचित्रे दरवर्षी प्रसृत होतात आणि त्यांखाली 'मुंबईची चेरी' असे लिहिलेले असते. हा वृक्ष टॅबेबुया रोझिया होय. याचा मूळ प्रदेश मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंतचा असून एल साल्वादोर देशाचा हा राष्ट्रवृक्ष आहे. याचे फूल तुतारीच्या आकाराचे, पाकळ्या खाली जुळून नळी झालेली. पान पंजासारखे, बहुधा पाच दलांचे. चेरीचे फूल याहून सर्वस्वी निराळे. तिच्या पाच पाकळ्या सुट्या, टोकाशी किंचित खाच असलेल्या, आणि झाडास फुलण्यासाठी कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते. अशी थंडी मुंबईत पडत नाही. म्हणून चेरीचा बहर येथे संभवत नाही.

दुसरी मानलेली 'चेरी' म्हणजे गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया). डोंगरउतारांवर, पडीक जमिनीवर व शेतांच्या बांधांवर हे मध्य अमेरिकेतील झाड मोठ्या प्रमाणावर लावण्यात आले, कारण ते झपाट्याने वाढते आणि त्याच्या पाल्याचे हिरवळीचे खत होते. लांब, सरळ, निष्पर्ण फांद्यांभोवती फिकट गुलाबी फुलांचे झुबके लागतात. फूल हाती घेतले असता वरची पाकळी ध्वजासारखी उभी, बाजूंच्या दोन पंखांसारख्या व खालच्या दोन नावेसारख्या जुळलेल्या दिसतात; म्हणजे हे पळसाचे दूरचे आप्त. याच्या बिया व साल उंदरांस विषारी असल्याने 'उंदीरमारी' असेही नाव त्यास मिळाले आहे.

तिसरे गुलाबी झाड रस्त्यावर सर्वांत अधिक भेटते, पण त्याच्या फुलांकडे कोणी पाहत नाही. तो पर्जन्यवृक्ष, म्हणजे विलायती शिरीष (समानिया समन). छत्रीसारखा प्रचंड विस्तार, ढगाळ हवेत व सायंकाळी मिटणारी दले, आणि मार्चपासून फांद्यांच्या टोकांशी दिसणारे गुलाबी-पांढरे गोंडे. प्रत्येक गोंडा म्हणजे एक फूल नसून अनेक लहान फुलांचे स्तबक असते. रंग पाकळ्यांचा नसतो, तो पुंकेसरांचा असतो. गेल्या काही वर्षांत पिठ्या ढेकणाच्या उपद्रवाने मुंबईतील अनेक पर्जन्यवृक्ष वाळून गेले. आपल्याकडील मूळचा शिरीष (अल्बिझिया लेबेक) याहून वेगळा. त्याचे गोंडे हिरवट पांढरे व सुगंधी असतात आणि वाळलेल्या चपट्या शेंगा वाऱ्याने खुळखुळतात.

पिवळी आणि जांभळी फुले

एप्रिलपासून पिवळ्या रंगाचे राज्य सुरू होते. येथे बहावा आणि सोनमोहर यांची गल्लत टाळण्यास एकच खूण पुरे : बहाव्याच्या मंजऱ्या खाली लोंबतात, सोनमोहराच्या वर उभ्या राहतात. बहावा (कॅसिया फिस्ट्युला) मूळचा भारतीय. त्याच्या पानास मोठ्या दलांच्या चार ते आठ जोड्या असतात आणि गतवर्षीच्या काळ्या, नळीसारख्या, हातभर शेंगा बहुधा फुलांसोबतच लटकत असतात. फुलातील दहा पुंकेसरांपैकी तीन लांब व वळलेले, बाकीचे आखूड असतात. भुंगा फुलास लटकून पंखांचे स्नायू थरथरवितो, त्या कंपाने परागकण बाहेर उडतात. झाडाखाली दोन मिनिटे शांत उभे राहिल्यास हा गुंजारव स्पष्ट ऐकू येतो. सोनमोहर (पेल्टोफोरम) आग्नेय आशियाकडील. त्याची पाने गुलमोहरासारखी, पिसाप्रमाणे दोनदा विभागलेली. कळ्यांवर तांबूस लव. शेंगा चपट्या व तांब्याच्या रंगाच्या असतात. उपनगरांतील पदपथ मेमध्ये पिवळे होतात ते बहुधा याच्याच गळालेल्या पाकळ्यांनी.

गुलमोहर (डेलोनिक्स रेजिया) हा मादागास्कर बेटातील वृक्ष एकोणिसाव्या शतकात भारतात आला आणि इतका रुळला की, तो परका आहे हे विस्मृतीत गेले. त्याच्या पाच पाकळ्यांपैकी चार सारख्या रंगाच्या असतात व पाचवीवर पांढऱ्या-पिवळ्या छटेचे ठिपके असतात. त्याची मुळे उथळ, लाकूड ठिसूळ. पहिल्या वादळी पावसात तो पुष्कळदा कोसळतो.

ताम्हण अथवा जारूळ (लॅजरस्ट्रोमिया स्पेसिओसा) हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प. जांभळ्या, चुरगळलेल्या रेशमासारख्या सहा पाकळ्या आणि मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा पुंजका, ही त्याची खूण. कोकणात हा वृक्ष ओढ्यानाल्यांच्या काठी आपोआप वाढतो. साकीनाक्याजवळून जाणारी मिठी नदी विहार व पवई या तलावांच्या सांडव्यांतून उगम पावते; अशा जलप्रवाहांचे काठ हे ताम्हणाचे स्वाभाविक स्थान होय. आज मात्र तो बहुधा उद्यानांत व रस्त्यांकडेला लावलेला आढळतो.

नजरेतून सुटणारा बहर

डोळ्यांत न भरणारा बहरही पाहण्याजोगा असतो. सोसायट्यांच्या कुंपणांशी उभा असलेला, शेंड्याकडे निमुळता होत जाणारा वृक्ष सर्वजण 'अशोक' म्हणून ओळखतात. तो वस्तुतः आसुपालव. मार्च-एप्रिलमध्ये त्यास बारीक, फिकट हिरव्या, चांदणीसारख्या फुलांचे घोस येतात. त्या सहा अरुंद पाकळ्या पानांच्या रंगात मिसळून जातात. खरा अशोक (सराका अशोका) निराळा. त्याचे पान संयुक्त. फुले केशरी, पुढे लाल होणारी, जुन्या फांद्यांवर व खोडावरही येणारी. त्यास पाकळ्या नसतात. ज्यास आपण पाकळ्या समजतो ते फुलाच्या बैठकीचे चार रंगीत भाग असतात.

करंजाचा बहर वर पाहून कळत नाही. एके सकाळी झाडाखाली फिकट जांभळ्या फुलांचा सडा पडलेला दिसला म्हणजे तो कळतो. पिंपळाची फुले तर त्याच्या फळासारख्या दिसणाऱ्या बंद गोळ्यांच्या आत दडलेली असतात. मार्चमध्ये पिंपळावर झळकणारा तांबूस रंग फुलांचा नसून पालवीचा असतो. राष्ट्रीय उद्यानातील कुसुम वृक्षही याच सुमारास लालभडक दिसतो, तो कोवळ्या पानांमुळे. तांबडे दिसले की ते फूलच, हा समज येथे सोडून द्यावा लागतो.

नाव ठाऊक असण्याचे प्रयोजन

पाने असताना वृक्ष ओळखण्यास अनुभव लागतो. फूल हाती असल्यास तेच काम सामान्य माणूस अर्ध्या तासात करू शकतो. वनस्पतींच्या वर्गीकरणाचा पायाच मुख्यतः फुलांच्या घडणीवर रचलेला आहे. म्हणून बहराचे पंधरा-वीस दिवस ही झाडाचे नाव निश्चित करण्याची वर्षातील उत्तम संधी असते. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात शास्त्रीय नावांसोबत देशी नावेही नोंदविली आहेत. ही देशी नावे खेड्यापाड्यांतील लोकांच्या तोंडी होती. त्यांवाचून हे काम पुरे झाले नसते. आज शहरवासीयांच्या तोंडची ती नावे गळून पडत आहेत, हा तोटा भाषेचाही आहे.

नावाचा उपयोग आणखी एका ठिकाणी होतो. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ चा अधिनियम आहे. त्यान्वये वृक्षगणना करावी लागते, तोडीसाठी परवानगी घ्यावी लागते आणि नागरिकांच्या हरकती मागविल्या जातात. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा अधिक वयाच्या झाडांस वारसावृक्षाचा दर्जा मिळाला. मुंबईच्या २०१८ साली पूर्ण झालेल्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडांची नोंद झाली. परंतु हरकत घेणाऱ्यास झाडाची जात सांगता आली नाही, तर नोंद खरी की खोटी हे तो तपासणार कसे? ऑक्टोबर २०१९ मध्ये आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली व ७ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबविली. त्या वेळी वाद झाडांच्या संख्येवरच अधिक झाला. वस्तुतः एक जुनी सावर आणि एक गिरिपुष्प ही दोन्ही गणनेत 'एक झाड' असली, तरी पक्ष्यांच्या, कीटकांच्या व जमिनीच्या दृष्टीने त्यांचे मोल समान नाही. संख्येमागील हा भेद ज्यास नावे ठाऊक आहेत त्यासच दिसतो.

तिसरे प्रयोजन नोंदींचे. जपानमधील क्योतो येथे चेरीच्या बहराच्या तारखा नवव्या शतकापासून रोजनिश्यांत व बखरींत सापडतात. २०२१ साली तेथे २६ मार्च रोजी पूर्ण बहर आला. बाराशे वर्षांच्या नोंदींत इतका लवकर तो कधीच आला नव्हता. हवामान तापत चालल्याचा हा पुरावा राजदरबारी व मठवासी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलेल्या साध्या तारखांतून हाती आला. आपल्याकडे अशी परंपरा नाही. २०१० पासून 'सीझनवॉच' हा उपक्रम नागरिकांकडून झाडांच्या पालवी-बहराच्या नोंदी जमवीत आहे.

निरीक्षणाची रीत

ज्यांस आरंभ करावयाचा आहे त्यांनी रोजच्या वाटेवरील एकच झाड निवडावे. फुले तोडू नयेत, गळालेली पुरतात. फुलाच्या पाकळ्या किती, त्या सुट्या की जुळलेल्या, पुंकेसर किती, मंजरी उभी की लोंबती, पान साधे की संयुक्त, खोडास काटे आहेत काय, या सहा प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत आणि वर तारीख घालावी. दर आठवड्यास पहिली कळी, पूर्ण बहर, पहिली पालवी व पहिली शेंग यांची नोंद करावी. फुलांवर कोणता पक्षी वा कीटक येतो, तेही लिहावे. दुसऱ्या वर्षी त्याच वहीत दुसरा रकाना आखावा. तुलनेचा आनंद तेथून सुरू होतो, कारण एका वर्षाची तारीख ही केवळ आठवण असते. दोन वर्षांच्या तारखा शेजारी आल्या की त्यांतून प्रश्न उभा राहतो.

साकीनाक्याच्या धुळीत उभा असलेला सोनमोहर आणि राष्ट्रीय उद्यानाच्या उतारावरील पळस या दोहोंची नावे घेऊन जो जाऊ लागेल, त्यास आपल्या उपनगराचा वसंत उसन्या नावाने ओळखण्याची गरज राहणार नाही.